मृतांची मोजदाद

साथ ओसरली म्हणजे प्रत्येक देशाचा मृतांचा आकडा प्रसिद्ध होतो आणि लोक तुलना करूं लागतात : अमुक देश तरला, तमुक बुडाला. परंतु त्या आकड्यांवर विसंबण्यापूर्वीं, मृत्यूची नोंद कोणीं केली व कारण कोणीं ठरविलें, हें विचारलें पाहिजे.

१९१८ सालचा इन्फ्ल्यूएंझा घ्या. हिंदुस्थानांत खेड्यांतील मृत्यूंची नोंद पाटील, चौकीदार अशा गांवकामगारांकडे असे. वैद्यकाचें ज्ञान त्यांना कोठून असणार? पटकी, देवी, प्लेग असे ओळखीचे रोग सोडले, तर बहुतेक मृत्यु ‘ताप’ ह्या सदरांत जात. त्यांत नोंद करणारेच आजारी पडले, आणि ऐन कहरांत कित्येक नोंदी राहून गेल्या. सरकारी आरोग्याधिकाऱ्यांचा पहिला अंदाज सुमारें ६० लाखांचा होता. १९२१ सालीं खानेसुमारी झाली, तेव्हां माणसांची मोठी तूट दिसली, आणि अंदाज सव्वा कोटीच्या घरांत गेला. किंग्ज्ली डेव्हिस यांनीं १९५१ सालीं तो १ कोटी ८५ लाखांपर्यंत नेला. मृतांचा पत्ता लागला तो जिवंतांच्या मोजणीवरून!

ह्या हिशेबाची रीत जुनी आहे. १८४७ सालीं लंडनमध्यें इन्फ्ल्यूएंझा आला असतां तेथील नोंदणी कचेरींतील विल्यम फार यांनीं ती वापरली. साथीच्या काळांतील एकूण मृत्यूंतून नेहमींच्या वर्षांची सरासरी वजा करावी. उरेल तें साथीचें देणें. कारण लिहिण्यांत चूक होईल, पण माणूस गेला ह्यांत चूक होत नाहीं.

२०२० सालच्या कोरोनांतहि हाच धडा मिळाला. बेल्जमनें वृद्धाश्रमांतील केवळ संशयित मृत्युहि मोजले; इतर कित्येक देशांनीं तपासणींत ठरलेलेच धरले. त्यामुळें प्रामाणिक देश अधिक दुर्दैवी भासला. २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांत जगानें सुमारें ५४ लाख मृत्यु जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं जादा मृत्यूंचा अंदाज १ कोटी ४९ लाख दिला. त्यांत भारताचे ४७ लाख होते. भारत सरकारनें मात्र ही पद्धतच अमान्य केली.

हा वाद मिटविणारें साधन एकच : प्रत्येक गांवची चोख मृत्युनोंद. ज्याचें नांव वहींत चढलें नाहीं, त्याच्या मरणापासून देश कांहींच शिकत नाहीं. आणि वहींतून सुटतात तीं बहुधा गरिबांचींच नांवें.