गवा बघायला पैसं कशाला?

१९७९ साली, आपण नववीत असताना, शाळेची सहल दाजीपूरला निघाली. वर्गणी गोळा करताना सरांनी माझ्या बाकावरच्या मित्राला विचारलं, "तू का येत नाहीस रे?" तो राधानगरीकडच्या एका वाडीतला, इथे बोर्डिंगात राहायचा. उभा राहून म्हणाला, "सर, गवा बघायला पैसं कशाला भरायचं? आमच्या नाचणीत चला, फुकटात दावतो." सगळा वर्ग हसला. सरही हसले.

आम्ही लाल गाडीतून गेलो. वाटेत राधानगरीचं धरण पाहिलं. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कन्येच्या, राधाबाईंच्या, नावानं ते गाव वसवलं आणि भोगावतीवर धरणाचं काम काढलं. महाराजांच्या हयातीत ते पुरं झालं नाही. स्वातंत्र्यानंतर तडीस गेलं. सात स्वयंचलित दरवाजांची गंमत भूगोलाच्या सरांनी तिथंच समजावून सांगितली होती.

गवा दिसला तो दिवस मावळताना, सड्याच्या कडेला. काळाकुळकुळीत, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. एवढं हजार किलोच्या घरातलं धूड, पण कारवीत शिरलं तेव्हा पानाचाही आवाज झाला नाही. आपण साठ पोरं आणि एकानंही तोंड उघडलं नाही. शाळेच्या इतिहासात असं बहुधा एकदाच घडलं असेल!

हे रान टिकलं कसं, हे पुढे वाचनातून कळलं. संस्थानकाळात ते छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. त्याच काळात कोल्हापुरात माळावर काळविटांमागे शिकवलेले चित्ते सोडत. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणले. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. माळांची शेतं झाली, काळवीटही गेले. डोंगरातलं राखीव रान मात्र उरलं. १९५८ साली गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य झालं. राज्यातलं ते पहिलं मानलं जातं. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं झालं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याची गणना झाली.

हा इतिहास मी अभिमानानं सांगत असे. दोन वर्षांपूर्वी त्या मित्राच्या घरी मुक्कामाला गेलो, तेव्हा त्यात एक पान कमी होतं हे समजलं. रात्री जेवणं झाल्यावर त्यानं अंगणातून समोरचा उतार दाखवला. त्याचे वडील तिथं माळा बांधून रात्र-रात्र राखण करायचे. गोफण आणि वाजवायला पत्र्याचा डबा, एवढंच हत्यार. १९७९ च्या त्या हंगामात एका रात्रीत कळपानं नाचणी तुडवली. "वर्गणी कुठनं देणार होतो? पण वर्गात ते सांगायचं कसं? म्हणून तसं बोललो," तो म्हणाला. मला काय बोलावं सुचेना. त्या दिवशी मीही हसलो होतो.

"मग गव्यांचा राग येत नाही?" मी विचारलं. तो म्हणाला, "राग कसला? त्येंचं रान हाय. पण राखणीचा खर्च एकट्या आमच्याच अंगावर का?"

डिसेंबर २०२१ मध्ये गवे कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आले, तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली. शहरालगत एका तरुणाचा गव्याच्या हल्ल्यात जीव गेला. चार दिवस शहर धास्तावलं. वाडीवरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच धास्तीत पीक काढत आली आहेत.

राजानं रान राखलं, सरकारनं अभयारण्य केलं, हे खरंच. पण डबा वाजवून गव्याला हुसकावणाऱ्या, आणि त्याच्यावर बंदूक न रोखणाऱ्या माणसांनीही ते राखलं. त्यांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत.

मित्रहो, या मेळाव्यानंतर पुन्हा दाजीपूरला जाऊ या, असं ठरतं आहे. जाऊ या. फक्त आधी एक रात्र त्या वाडीवर काढू. त्यानं निमंत्रण १९७९ सालीच दिलेलं आहे.