वजनघट समुपदेशन

जादा वजनाच्या रुग्णाला आवाक्यातले उद्दिष्ट ठरवून वजन उतरवण्यास आणि उतरलेले टिकवण्यास डॉक्टर, आहारतज्ज्ञ किंवा परिचारिका करीत असलेले साहाय्य.

भारतीयांसाठी २००९ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंमी. आहे. जागतिक निकषांपेक्षा हे कडक का, याचे बोलके उदाहरण पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दिले. दोघांचाही बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के.

सहा महिन्यांत ५ ते १० टक्के घट हे रास्त उद्दिष्ट मानतात, म्हणजे ९० किलोच्या रुग्णासाठी साडेचार ते नऊ किलो. आकडा किरकोळ वाटला तरी फायदा किरकोळ नाही. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात (२००२) ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढ्याच उद्दिष्टाने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. अडचण अपेक्षांची असते. तेथीलच १९९७ च्या एका अभ्यासात स्थूल स्त्रियांना सरासरी ३२ टक्के वजन उतरायला हवे होते. १७ किलो घट त्यांच्या लेखी निराशाजनकच होती. ही तफावत पहिल्याच भेटीत बोलून घेतली नाही, तर रुग्ण यश मिळवूनही मध्येच सोडून जातो.

‘कमी खा, चाला’ हा नुसता उपदेश झाला. विल्यम मिलर व स्टीफन रोलनिक यांच्या प्रेरक संवादपद्धतीत आधी रुग्णाची परवानगी घेऊन विचारतात, मग ऐकतात, आणि बदल त्यालाच निवडू देतात. खाण्याची नोंद तपशिलात घेतली की वाट सापडते. दिवसाचे चार कप चहा, कपात दोन चमचे साखर, यातच सुमारे दीडशे कॅलरी जातात. उपवासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी, दाण्याचा कूट आणि तुपामुळे खाणे रोजच्या जेवणापेक्षा जड होते. स्वयंपाक करणारी व्यक्ती दुसरी असेल तर तिलाही चर्चेत घ्यावे लागते.

काही महिन्यांनी काटा अडतो. वजन घटल्यावर शरीराची ऊर्जेची गरज घटते आणि भूक वाढते. हा रुग्णाचा आळस नव्हे, हे त्याला आधीच सांगावे. सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी सरासरी १५ टक्क्यांपर्यंत घट होते, पण औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत येते.