२३ जून : पी. के. बॅनर्जी यांचा जन्म

भारताचे फुटबॉलपटू व प्रशिक्षक प्रदीपकुमार ऊर्फ पी. के. बॅनर्जी यांचा १९३६ साली आजच्या दिवशी जलपायगुडी येथे जन्म झाला. मोठ्या क्लबांऐवजी ते ईस्टर्न रेल्वेकडून खेळले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये कर्णधार असताना फ्रान्सविरुद्ध गोल करून त्यांनी सामना १-१ असा बरोबरीत सोडवला. १९६२ च्या जकार्ता एशियाडच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला गोल त्यांचा, तर दुसरा डोक्याला पट्टी बांधून खेळणाऱ्या जर्नेलसिंगचा. भारताने २-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक पटकावले. निवृत्तीनंतर ते राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये भारताला कांस्यपदक मिळाले. १९७७ मध्ये त्यांच्या प्रशिक्षणाखालील मोहन बागान क्लबने पेलेच्या कॉसमॉस संघाला २-२ असे रोखले. अर्जुन पुरस्काराचे ते पहिले फुटबॉलपटू मानकरी. निधन : २० मार्च २०२०.