ठिपकेदार अश्वपैदाशीतील अनिश्चितता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
अश्वपैदाशीच्या इतिहासलेखनात मानवी आवडीनिवडीला मध्यवर्ती स्थान दिले जाते. एखाद्या रंगाचे घोडे वाढले तर तो रंग लोकांनी जोपासला आणि घटले तर तो नापसंत झाला, असा निष्कर्ष सहज काढला जातो. ठिपकेदार घोड्यांच्या बाबतीत तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. येथे मोठे पांढरे पट्टे असलेले अबलख घोडे अभिप्रेत नसून, पांढऱ्या अंगावर गोल ठिपके असलेले घोडे अभिप्रेत आहेत.

दोन ऐतिहासिक उदाहरणे :
डेन्मार्कमधील क्नाबस्ट्रुप येथील जमीनदार मेजर व्हिलार्स लुन यांनी १८१२ मध्ये फ्लेबे नावाच्या खाटकाकडून एक ठिपकेदार घोडी घेतली, असे परंपरा सांगते. फ्रेडरिक्सबोर्ग जातीच्या घोड्यापासून तिला ठिपकेदार शिंगरू झाले आणि त्यातून क्नाबस्ट्रुप घोड्यांचा वंश विस्तारला. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळच्या नात्यातील संकरामुळे या वंशाला उतरती कळा लागली. पुढे १९७१ मध्ये अ‍ॅपालूसा जातीचे घोडे आणून त्यात नवे रक्त मिसळावे लागले.

अ‍ॅपालूसाचे नाव अमेरिकेतील नेझ पर्स जमातीशी निगडित आहे. निकृष्ट नरांचे खच्चीकरण करून ही जमात निवडक पैदास करीत असे. तथापि मेरिवेदर लुईस यांनी १८०६ मध्ये कोलंबिया खोऱ्यातील घोड्यांचे वर्णन करताना काही घोडे ठिपक्यांचे, परंतु बहुसंख्य एकरंगी असल्याची नोंद केली. १८७७ च्या युद्धानंतर या जमातीचे घोडे विखुरले गेले. १९३८ मध्ये अ‍ॅपालूसा हॉर्स क्लब स्थापन झाला, तेव्हा जातीची पुनर्बांधणी हाती घ्यावी लागली.

अनिश्चिततेची कारणमीमांसा :
ठिपक्यांना कारणीभूत असणाऱ्या ‘एलपी’ या जनुकीय बदलाची एक प्रत असलेल्या घोड्यावर ठिपके उमटू शकतात. दोन प्रती असलेला घोडा बहुधा ठिपक्यांविना, जवळजवळ पांढरा दिसतो. त्यामुळे एकेक प्रत असलेल्या जोडीपासून सरासरी एक चतुर्थांश शिंगरे एकरंगी आणि एक चतुर्थांश दोन प्रतींची निपजतात. दोन प्रती असलेल्या घोड्यांना जन्मजात रातांधळेपणाही असतो. याउलट दोन प्रतींचा घोडा एकरंगी घोडीला दिल्यास प्रत्येक शिंगराला एक प्रत मिळते. अर्थात, ठिपक्यांसाठी उत्तम नर बहुधा स्वतः ठिपकेदार नसतो.

पांढऱ्या भागाचा विस्तार ‘पॅटर्न-१’ या दुसऱ्या जनुकीय बदलावर अवलंबून असतो. एलपी नसेल तर त्याचे अस्तित्व बाहेरून कळत नाही. शिवाय अनेक शिंगरांचा रंग वयानुसार बदलतो. एलपीमागील बदल २०१३ मध्ये, तर ‘पॅटर्न-१’ २०१६ मध्ये स्पष्ट झाला. तत्पूर्वीच्या पैदासकाराला डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावरच विसंबावे लागे, आणि हा रंग वंशगुणाची अपुरी साक्ष होती.

निष्कर्ष :
एखाद्या तबेल्यात किंवा जमातीत एकरंगी घोड्यांचे आधिक्य आढळले, तर त्यावरून ठिपक्यांविषयीची उदासीनता सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे ठिपकेदार घोडे दिसले म्हणून ते हेतुपुरस्सर पैदाशीचेच फलित होते, असेही म्हणता येत नाही. म्हणून पशुपालक समाजांच्या कौशल्याचे मूल्यमापन करताना हेतू आणि परिणाम यांतील अंतर इतिहासकाराने ध्यानात घेणे आवश्यक ठरते. अन्यथा निसर्गनियमाने आलेले अपयश आपण त्या समाजाच्या अज्ञानाच्या खात्यावर जमा करू.