कमरेला बांधलेले स्वादुपिंड

'मधुमेह' हा शब्द मराठीत उच्चारला की डोळ्यांपुढे येते ती उतारवयातली, बिनसाखरेचा चहा मागणारी व्यक्ती. भंडारा जिल्ह्यातील मोहाडीसारख्या गावी चौदा वर्षांच्या मुलीला हा आजार झाला, तर 'फार गोड खात होती का?' हा प्रश्न तिच्या आईवडिलांना चुकत नाही. या प्रश्नात निष्ठुरतेपेक्षा भाषेचा दोष अधिक आहे. एकाच शब्दात आपण दोन आजार कोंबले आहेत.

वास्तविक हा भेद आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे 'सहज' आणि 'अपथ्यनिमित्तज' असे दोन प्रकार सांगितले असून पहिल्यातला रोगी कृश, तर दुसऱ्यातला स्थूल आणि बहुभोजी आहे. आधुनिक वैद्यकात हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये असाच भेद प्रयोगाने दाखवला. आज ज्याला 'टाइप वन' म्हणतात, त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याशी वा आईच्या हातून घडलेल्या चुकीशी त्याचा संबंध नाही.

इन्सुलिन सापडण्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे एवढाच उपाय होता आणि तोही मृत्यू थोडा लांबवण्यापुरता. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेला अर्क टोचण्यात आला. तो फारसा लागू पडला नाही. कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिल्यावर मात्र साखर उतरली. लिओनार्ड पुढे तेरा वर्षे जगला. संशोधकांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले.

परंतु सुईने दिलेले इन्सुलिन आणि स्वादुपिंडाचे काम यांत अंतर राहिले. निरोगी स्वादुपिंड रात्रंदिवस थोडेथोडे इन्सुलिन सोडते आणि जेवणाच्या वेळी त्यात भर घालते. १९६३ मध्ये अर्नोल्ड केडिश यांनी बनवलेले यंत्र पाठीवरच्या पिशवीएवढे होते. १९७८ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील पिकअप, कीन आणि सहकाऱ्यांनी त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडणाऱ्या छोट्या पंपाचे प्रयोग प्रसिद्ध केले. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने दाखवले, की साखर काटेकोर राखल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांची हानी पुष्कळ टळते. मात्र साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले.

पंपाच्या इतिहासाचे सार या दुहेरी निष्कर्षात आहे. साधा पंप स्वतः काही ठरवत नाही. तो सांगितलेले पाळतो. सेन्सरशी जोडलेले अलीकडचे पंप प्रमाण थोडे कमीजास्त करतात, पण ताटात काय वाढले आहे हे त्यांनाही सांगावेच लागते. अवयवाने अबोधपणे केलेले काम आता एका किशोरवयीन मुलीला जाणीवपूर्वक करायचे असते. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे अठ्ठावीस ग्रॅम कर्बोदके असतात. धानाच्या या प्रदेशात, जिथे भाताशिवाय जेवण होत नाही, हा हिशेब तिला रोज मांडावा लागेल.

म्हणून पंप सुरू करून देणे म्हणजे यंत्र बांधून देणे नव्हे. आपल्याकडे साध्या सिरिंजसाठी मिळणाऱ्या अनेक कुप्यांमध्ये एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर पंपाला १०० युनिटचे इन्सुलिन लागते. ही अदलाबदल जिवावर बेतू शकते. त्वचेखालची नळी दोनतीन दिवसांनी बदलावी लागते. ती दुमडली वा निसटली, तर अंगात राखीव इन्सुलिन नसल्याने काही तासांतच रक्तात आम्ल वाढू लागते. म्हणून सिरिंज अथवा पेन जवळ हवेच. विदर्भाच्या उन्हाळ्यात इन्सुलिन थंड ठेवणे हा वेगळाच प्रश्न. उलट, चौंडेश्वरीच्या नवरात्रात घरात उपवास असताना जेवण टळले तरी पंपाची मंद धार चालू राहते. मात्र उपवास करावा की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पंपाची किंमत लाखांत जाते आणि नळ्यांचा खर्च कधी संपत नाही. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या ड्रीम ट्रस्टने गरीब घरांतील अशा मुलांना इन्सुलिन पुरवण्याचे काम हाती घेतले. पंपाच्या फार आधीची ही पायरी आहे आणि ती न ओलांडता यंत्राची चर्चा करणे अप्रस्तुत ठरेल.

आजवर आईने रात्री उठून बोटाला सुई टोचली, डोस मोजला. पंप येतो तेव्हा हे सारे मुलीच्या हाती सोपवायचे असते, पण सोपवणे म्हणजे अंग काढून घेणे नव्हे. निर्णय तिचा आणि सोबत घरच्यांची, हा तोल कोणत्याही यंत्रात बसवलेला मिळत नाही. लिओनार्डच्या नशिबी पहिली सुई फसल्यावर दुसरी घेऊन येणारी माणसे होती. मोहाडीच्या मुलीला पंपाआधी तशी माणसे हवीत. आणि 'गोड खात होती का?' असे न विचारणारा शेजार.