कोंत्रा

* कोंत्रा : मूळ मजकुरात ज्याचा उल्लेख केवळ ‘मोठे व्हायोलिन’ असा आला आहे, ते वाद्य म्हणजे ट्रान्सिल्वेनियाच्या मुलखातील खेडुतांच्या लग्नसमारंभांत व नृत्यांत, व्हायोलिन आणि बास यांच्यामध्ये बसून संगत करणारा व्हिओला होय, असा खुलासा येथे करणे अवश्य आहे. नागर संगीतातील व्हिओलाला चार तारा व कमानदार घोडी असते. कोंत्र्याला मात्र तीनच तारा असून त्याची घोडी सपाट तासलेली असते, त्यामुळे गजाच्या एकाच ओढीत तिन्ही तारा एकदम बोलतात, आणि त्यांतील ‘ए’ची तार नेहमीपेक्षा सप्तकभर खाली लावलेली असल्याने उमटणारा स्वरमेळ विलक्षण दाट होतो. वादक हे वाद्य कुशीवर वळवून धरतो, म्हणजे गज वरखाली चालतो. संथ नृत्यात तो गज न उचलता एकाच ओढीत दोन आघात देतो, आणि नर्तकांची पावले त्या आघातांवरच तोलली जातात. ट्रान्सिल्वेनियातील सेक या गावचे असे संगीत लोकसंगीताचे संग्राहक लास्लो लायता यांनी १९४० साली संगृहीत केले, आणि १९७२ पासून बुडापेस्टच्या नृत्यगृहांत नागर तरुणांनी ते आदरपूर्वक आत्मसात केले. स्वतः चाल न वाजवता इतरांच्या चालीला आधार देणाऱ्या या वाद्याचे ऋण वाचकाने विसरू नये. — संपादक