बंद खोलीतले बोलणे

सातवीतला एक मुलगा वर्गात लक्ष देत नाही, गृहपाठ करत नाही, मधल्या सुट्टीत मारामाऱ्या करतो. त्याच्या आईला शाळेत बोलावणे जाते. वर्गशिक्षक आणि आई पंधरा-वीस मिनिटे बोलतात. नंतर शिक्षकांना विचारले, तर ते म्हणतील, "आईंचं सगळं ऐकून घेतलं, थोडं समजावून सांगितलं." आता समजा, हे सारे बोलणे ध्वनिमुद्रित झाले असते, तर त्या पंधरा-वीस मिनिटांत कोण किती बोलले असे दिसले असते? शिक्षकांना बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. नेमका हाच प्रश्न १९४० च्या सुमारास अमेरिकेत, लोकांच्या मनाच्या अडचणी ऐकून घेण्याचा ज्यांचा व्यवसाय होता त्यांच्याबद्दल विचारला गेला, आणि त्याचे उत्तर तबकड्यांवर नोंदलेले आहे.

तोपर्यंत मानसोपचार ही बंद दाराआडची गोष्ट होती. आत काय घडले हे फक्त दोघांना माहीत, आणि त्यातला एकच जण त्याबद्दल लिहीत असे. खुद्द सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१२ साली डॉक्टरांसाठी लिहिलेल्या सूचनांत, रुग्ण बोलत असताना टिपणे काढू नयेत, दिवसाचे काम संपल्यावर संध्याकाळी आठवणीतून लिहावे, असे सुचवले होते. त्यांचे कारण चुकीचे नव्हते. टिपणे काढणारा माणूस काय टिपायचे ते आधीच ठरवतो आणि बाकीचे त्याच्या कानांवरून जाते. पण परिणाम असा झाला की एका मोठ्या विद्याशाखेचा सारा पुरावा संध्याकाळच्या आठवणींवर उभा राहिला. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. तापमापीवरचा आकडा संध्याकाळी आठवून वहीत लिहिला, असे कोणी म्हटले तर ती वही आम्ही बाजूला ठेवू.

ही पद्धत मोडणारा माणूस शेतीकडून मानसशास्त्रात आला होता. कार्ल रॉजर्स यांचा जन्म १९०२ साली शिकागोजवळच्या ओक पार्क येथे झाला. ते बारा वर्षांचे असताना वडिलांनी शेत घेतले आणि कुटुंब तिथे राहायला गेले. पुढे दोन-तीन वर्षांत या मुलाच्या हाती पशुखाद्यावरचा एक जाडजूड ग्रंथ पडला. गाईला अमुक खाद्य दिल्याने दूध वाढते हे कसे ठरवायचे? दोन सारखे गट घ्यायचे, एकाला खाद्य द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही, बाकी सर्व काही सारखे ठेवायचे. प्रयोग म्हणजे काय हे आपण त्या पुस्तकातून शिकलो, असे रॉजर्स यांनी पुढे आवर्जून नोंदवले आहे. महाविद्यालयात ते आधी कृषिशास्त्र शिकले, मग धर्मशास्त्राकडे वळले, आणि शेवटी न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात, म्हणजे शिक्षकांच्याच महाविद्यालयात, मानसशास्त्राचे डॉक्टर झाले. ते साल १९३१.

त्याआधीच, १९२८ पासून, ते रॉचेस्टर शहरात मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला लागले होते. न्यायालयांनी आणि समाजसंस्थांनी पाठवलेली 'अवघड' मुले तिथे येत. बारा वर्षे त्यांनी हे काम केले. त्या काळातली एक हकिगत त्यांनी नंतर लिहिली आहे. एका दांडगट मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलगा असा का वागतो याचे निदान रॉजर्स यांच्या मनात पक्के होते: आईने त्याला लहानपणी मनापासून स्वीकारलेच नव्हते. हे तिला उमगावे म्हणून त्यांनी कितीतरी बैठकांत प्रयत्न केला. तिने सांगितलेल्याच गोष्टी जोडून तिच्यापुढे ठेवल्या. काही उपयोग होईना. अखेर त्यांनी तिला सांगितले की आपण दोघांनीही प्रयत्न केला, पण हे साधत नाही, तेव्हा आता थांबू या. तिलाही ते पटले. निरोप घेऊन ती दारापर्यंत गेली आणि वळून तिने विचारले, की तुम्ही कधी मोठ्या माणसांनाही समुपदेशन करता का? करतो, असे ऐकल्यावर ती परत येऊन खुर्चीत बसली आणि आपल्या संसाराबद्दल बोलू लागली. नवऱ्याशी बिघडलेले नाते, अपयशाची भावना, गोंधळ असे बरेच काही त्यात होते. आधीच्या बैठकांत तिने दिलेल्या कोरड्या माहितीत यातले काहीच नव्हते. खरा उपचार त्या क्षणी सुरू झाला, असे रॉजर्स म्हणतात. कुठे दुखते आहे हे येणाऱ्या माणसालाच माहीत असते, तेव्हा दिशाही त्यानेच ठरवावी, हा विचार त्यांच्या मनात इथून पक्का होत गेला.

असे किस्से पुष्कळांकडे असतात. रॉजर्स यांचे वेगळेपण हे, की ते किश्शावर थांबले नाहीत. १९४० साली ते ओहायो राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि त्यांनी समुपदेशनाच्या खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय केली. आज हे वाचायला सोपे वाटते. तेव्हा फितीचे यंत्र बाजारात नव्हते. बोलणे कोऱ्या तबकडीवर कोरावे लागे आणि तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत भरून जाई. बोलणे तुटू नये म्हणून दोन यंत्रे आळीपाळीने चालवायची, मग एकेक तबकडी पुन्हा पुन्हा ऐकून शब्दन्‌शब्द टंकलिखित करायचा. बर्नार्ड कोव्हनर या विद्यार्थ्याने हे तंत्र बसवले. त्यानेच समुपदेशकांनी भेटीनंतर लिहिलेले अहवाल आणि तबकड्या शेजारी ठेवून पाहिल्या. जे लिहिले होते ते बहुतांशी बरोबर होते, पण घडलेल्या बोलण्यातला फार मोठा भाग अहवालात आलेलाच नव्हता.

दुसरा विद्यार्थी एलियास पोर्टर. त्याने मुद्रित झालेल्या एकोणीस मुलाखतींतले शब्द मोजले. ज्या मुलाखतींत समुपदेशक प्रश्न विचारून, समजावून, सल्ला देऊन संभाषण चालवत होता, तिथे तो समोरच्यापेक्षा जवळजवळ तिप्पट बोलत होता. ज्या मुलाखतींत तो सूत्रे हाती घेत नव्हता, तिथे त्याचे बोलणे समोरच्याच्या निम्म्याहूनही कमी होते. मदत मागायला आलेला माणूस आणि तीनचतुर्थांश वेळ बोलणारा मदतनीस! अर्थात कमी बोलणे म्हणजे चांगले ऐकणे असे यावरून सिद्ध होत नाही. समोर बसून गप्प राहणारा माणूस स्वतःच्याच विचारांत असू शकतो. पण ज्याविषयी आजवर फक्त मते होती, त्याविषयी आता निदान आकडे होते.

१९४२ साली रॉजर्स यांचे समुपदेशन आणि मानसोपचार या विषयावरचे पुस्तक आले. त्यात 'हर्बर्ट ब्रायन' असे टोपणनाव दिलेल्या एका तरुणाच्या आठही बैठका, प्रत्येक वाक्याला क्रमांक देऊन, संपूर्ण छापल्या होत्या. एखाद्याचा मानसोपचार असा अथपासून इतिपर्यंत छापला जाण्याची ही पहिलीच वेळ. समुपदेशक कुठे चुकला तेही टिपांत नोंदलेले होते. 'रुग्ण' हा शब्द टाकून 'क्लायंट' हा शब्द त्यांनी याच काळात रूढ केला. मराठीत वकिलाच्या क्लायंटला आपण अशील म्हणतो. समुपदेशनाच्या मराठी पुस्तकांत मात्र 'सल्लार्थी' हा शब्द दिसतो, म्हणजे सल्ला मागणारा. सल्ला न देण्याचा आग्रह धरणाऱ्या रॉजर्स यांना हा शब्द कितपत रुचला असता कोण जाणे.

पुढे शिकागो विद्यापीठात त्यांनी पशुखाद्याच्या पुस्तकातला धडा वापरला. उपचाराने माणसात फरक पडतो हे दाखवायचे तर तुलनेसाठी गट हवा. त्यांच्या सहकाऱ्यांनी येणाऱ्यांना शंभर कार्डे दिली. प्रत्येकावर स्वतःविषयीचे एकेक विधान होते: मी मेहनती आहे, मी लोकांना आवडतो, अशा धर्तीचे. 'मी कसा आहे' यानुसार कार्डांचे गठ्ठे लावायचे, मग 'मला कसे व्हायला आवडेल' यानुसार पुन्हा लावायचे. दोन्ही मांडण्यांतला सहसंबंध काढायचा. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आलेल्या पंचवीस जणांत हा सहसंबंध सुरुवातीला सरासरीने जवळजवळ शून्य होता. उपचारानंतर तो ०.३४ झाला. उपचारासाठी न आलेल्या सामान्य लोकांच्या गटात तो आधी ०.५८ आणि नंतर ०.५९, म्हणजे होता तिथेच राहिला. आलेल्यांपैकी काहींना मुद्दाम साठ दिवस थांबायला सांगितले होते. नुसत्या थांबण्याने त्यांच्यात फरक पडला नव्हता. आकडे लहान गटांचे आहेत आणि माणसाने स्वतःविषयी केलेल्या विधानांवर बेतलेले आहेत, हे विसरून चालणार नाही. तरीही अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने १९५६ मध्ये विशेष वैज्ञानिक योगदानाचे पारितोषिक प्रथमच द्यायचे ठरवले, तेव्हा ते मिळालेल्या तिघांत रॉजर्स होते.

१९५७ साली त्यांनी एक धाडसी लेख लिहिला. माणसात बदल घडायला उपचारकाकडे तीन गोष्टी असल्या आणि त्या समोरच्यापर्यंत पोचल्या तर पुरे, असे त्यांचे म्हणणे होते: समानुभूती, विनाअट स्वीकार आणि खरेपणा. समानुभूती म्हणजे सहानुभूती नव्हे. कीव न करता समोरच्याच्या जागेवरून जग पाहणे, असा तिचा अर्थ. मानसशास्त्राचे वा वैद्यकाचे खास ज्ञान मात्र त्यांनी या यादीत घातले नव्हते! डॉक्टर मंडळींना हे झोंबले नसते तरच नवल.

हे म्हणणे सगळीकडे टिकले नाही. विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर त्यांनी मोठा प्रयोग केला. उपचार मिळालेला गट न मिळालेल्या गटापेक्षा एकंदरीत फारसा वेगळा निघाला नाही. आणि १९६६ साली चार्ल्स ट्रुएक्स या त्यांच्याच एका सहकाऱ्याने रॉजर्स यांच्या स्वतःच्या फिती तपासल्या. आपण कोणालाही विशिष्ट दिशेने ढकलत नाही, असा रॉजर्स यांचा दावा होता. फितींनी वेगळे सांगितले. अशिलाच्या काही प्रकारच्या बोलण्याला त्यांच्याकडून अधिक आपुलकीचा प्रतिसाद जात होता, आणि त्यातले बरेच प्रकार उपचार पुढे जाईल तसे वाढत होते. आमच्या मते रॉजर्स यांचे सर्वांत मोठे यश हेच आहे. त्यांनी सुरू केलेल्या नोंदींनी त्यांनाच खोडून काढले, आणि हे शक्य झाले कारण नोंदी होत्या.

त्याच १९६६ साली एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. टंकून लिहिलेले वाक्य थोडे फिरवून तो प्रश्नरूपाने परत देई. 'मी दुःखी आहे' असे लिहिले की तुम्ही दुःखी आहात याचे वाईट वाटते, अशा छापाचे उत्तर येई. नमुना म्हणून त्यांनी रॉजर्स पद्धतीचा उपचारक निवडला, कारण जगाची काहीही माहिती नसताना संभाषण चालू ठेवणे या भूमिकेला शोभून जाते. गंमत म्हणून केलेल्या या कार्यक्रमाशी त्यांची सेक्रेटरी बोलू लागली आणि थोड्याच वेळात तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. वायझेनबाउम यांना याचा धक्का बसला आणि पुढे संगणकाच्या मर्यादांवर त्यांनी एक पुस्तकच लिहिले. आज याहून कितीतरी हुशार यंत्रांशी लोक मनातले बोलतात. वाक्य परत देणे आणि ते समजणे यांत फरक किती, हा वाद तिथूनच चालत आला आहे.

खास पदवी लागते का, हा १९५७ चा प्रश्न मात्र आपल्या शेजारी, गोव्यात, फार वेगळ्या कारणाने पुन्हा समोर आला. आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञ इतके थोडे आहेत की उदास झालेला बहुतेक माणूस त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तो अंगदुखी, थकवा, झोप लागत नाही अशी तक्रार घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने अशा केंद्रांत स्थानिक समुपदेशक बसवले. किमान दहावी उत्तीर्ण, मानसशास्त्राची कोणतीही पदवी नाही, काही आठवड्यांचे प्रशिक्षण. त्यांचे तंत्र रॉजर्स यांचे नव्हते. उदासीमुळे माणसाने सोडून दिलेली कामे आणि गाठीभेटी हळूहळू पुन्हा सुरू करायला लावणे, हा त्याचा गाभा. पण मन लावून ऐकणे हा त्याचा पाया होता.

दहा केंद्रांतल्या तीव्र उदासीनतेच्या ४९५ रुग्णांवरचा हा प्रयोग २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीन महिन्यांनी उदासीनतेतून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. समुपदेशन मिळालेल्या गटातल्या स्त्रियांत जोडीदाराकडून मारहाण होण्याचे प्रमाणही सुमारे निम्मे आढळले.

या समुपदेशकांचे काम कसे तपासायचे, हा प्रश्न होताच. इतके तज्ज्ञ आणायचे कुठून? मग बैठका ध्वनिमुद्रित केल्या गेल्या. समुपदेशक गटाने एकत्र बसत, एकमेकांच्या बैठका ऐकत, आणि ठरलेल्या गुणपत्रकावर गुण देत. आरंभी तज्ज्ञ सोबत असत. पुढे गट त्यांच्यातलाच एक जण चालवू लागला.